तुमच्या खेळात तुमचं घर आहे का?

मुलांनो,

कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर खेळ खेळताना तुमचं लक्ष कुठे असतं? अंगावर येणाऱ्या राक्षसाकडे, उरलेल्या आयुष्यांकडे आणि आई 'पुरे आता!' कधी म्हणते त्याकडे. हो ना? आज आपण जरा उलटं करू या. खेळ थांबवू या आणि नायकाच्या मागे काय दिसतंय ते नीट पाहू या.

मागे एक बुरूज आहे. त्याच्या पायथ्याशी बाजार आहे. पलीकडे पूल, पुलापलीकडे वाडा. हे सगळं आपोआप उगवलेलं नाही. कुणीतरी बसून ते बांधलं आहे. त्यासाठी विटा नाहीत, चुना नाही, गवंडी नाही. पण मापं आहेत, नकाशा आहे, आणि 'इथे दार ठेवू की तिथे?' अशी डोकेफोडही आहे. नायक जिथे हिंडतो त्या बांधलेल्या जागेला 'लेव्हल' म्हणतात, आणि तिच्यातल्या घराला, देवळाला, बुरुजाला 'मॉडेल' म्हणतात.

हे मॉडेल कसं करतात ते आज पाहू या. त्यासाठी आपण देवगिरीला जाऊ, पॅरिसलाही एक चक्कर मारू. पण मुक्काम मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीला करायचा. तिथेच का, ते वाचता वाचता कळेल.

पडदा की वाट?

झाडीपट्टीतल्या मुलांना नाटकाचा पडदा काय असतो ते सांगायला नको. चंद्रपूर-गडचिरोलीकडे धानाची कापणी झाली की गावोगाव रात्र रात्र नाटकं रंगतात. मागे रंगवलेला पडदा सोडला की झाला महाल, दुसरा सोडला की झालं जंगल. पण त्या महालाच्या दारातून राजाला आत जाता येत नाही, कारण ते दार कापडावर रंगवलेलं असतं.

खेळातही असे पडदे असतात. दूरवरचे डोंगर, आभाळ, क्षितिजावरचं शहर ही सगळी नुसती चित्रं. पण जवळची इमारत वेगळी. तिच्यात शिरता येतं, तिच्यावर चढता येतं, तिच्या आड लपता येतं. म्हणून तिला तीन कामं करावी लागतात. पहिलं, वाट दाखवायची. दुसरं, वाट अडवायची. आणि तिसरं, इथे कोण राहतं, कसं राहतं, हे एक शब्दही न बोलता सांगायचं.

पहिली दोन कामं आपल्याकडच्या गड बांधणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वीच येत होती. छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरीचा किल्ला आठवा. आधी एकामागून एक तट आणि दरवाजे. मग खडक तासून केलेला खोल खंदक. खंदकावर एकच अरुंद पूल. पूल ओलांडला की 'अंधारी' नावाचा वळणावळणाचा काळोखा मार्ग. शत्रूला समोरचं दिसत नाही, आणि किल्ल्यावरच्या माणसाला मात्र तो नेमका कुठून बाहेर येणार ते ठाऊक असतं. आता सांगा, ही लेव्हल नाही तर काय आहे? फरक एवढाच की इथे 'पुन्हा खेळा' असं बटण नव्हतं!

रायगडाचा महादरवाजाही तसाच. दोन भक्कम बुरुजांच्या आड तो असा बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला टोकदार खिळे आहेत, हत्तीने धडक देऊ नये म्हणून. आणि रोजच्या ये-जा करणाऱ्यांसाठी त्याच दरवाजात छोटा दिंडी दरवाजा. एकाच दरवाजात दोन वाटा, एक थाटाची आणि एक रोजची.

चंद्रपूरच्या मुलांनी तर आपल्या शहराभोवतीच फेरी मारावी. गोंड राजांनी बांधलेल्या कोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आहेत. त्याशिवाय तटात छोट्या वाटा आहेत, त्यांना म्हणतात 'खिडक्या'. हो, खिडकी म्हणजे इथे डोकावायची जागा नव्हे, तर माणसाने ये-जा करायची वाट. मोठ्या दरवाजावर हत्तीवर झेपावणारा सिंह कोरलेला आहे. दुरून येणाऱ्याला एका नजरेत कळावं की हे राज्य कुणाचं. इमारतीचं तिसरं काम ते हेच.

पुठ्ठ्याचं शहर, मातीचा माणूस

'पण आम्हाला कॉम्प्युटरवर चित्र काढता येत नाही,' असं कुणीतरी म्हणणार. म्हणूनच आता एक गंमत सांगतो.

१९९६ साली 'द नेव्हरहूड' नावाचा एक खेळ आला. त्यातली घरं, जिने, डोंगर आणि माणसंसुद्धा मातीची होती. म्हणजे मॉडेलिंगच्या मऊ मातीची. खरोखर हाताने घडवून, टेबलावर मांडून, कॅमेऱ्याने टिपलेली. पुढे २०१४ साली लंडनच्या स्टेट ऑफ प्ले या छोट्या कंपनीने 'लुमिनो सिटी' हा खेळ केला. त्यातलं अख्खं शहर कागद, पुठ्ठा आणि डिंकाचं होतं, आत छोटे दिवे आणि छोट्या मोटारी बसवलेल्या. २०१५ साली त्याला कलेसाठी ब्रिटनचा मोठा बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुठ्ठ्याला! आणि २०२४ साली जर्मनीतून आलेल्या 'हॅरल्ड हॅलिबट' या खेळातली माणसं आणि खोल्या आधी हाताने बनवल्या, मग त्यांचे चहूबाजूंनी फोटो घेऊन ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली.

आता मला सांगा, मातीची इमारत करून तिच्यावर छोटी माणसं मांडायची, हे काम मराठी मुलांना नवीन आहे का? दिवाळी आली की दगड, गोणपाट आणि चिखल घेऊन किल्ला कोण करतं? पुण्या-मुंबईकडे तर करतातच, पण नागपुरातही गल्लोगल्ली करतात. किल्ला करताना तुम्ही काय ठरवता? वाट कुठून वर न्यायची, पहारेकरी कुठे उभा करायचा, तळं कुठे, गुहा कुठे. मागची बाजू भिंतीला टेकलेली असते, म्हणून तिकडे नुसतीच माती थापायची. कारण तिथे कुणी पाहत नाही! खेळ बनवणारे अगदी हेच करतात. जी बाजू खेळाडूला कधीच दिसणार नाही, ती ते बांधतच नाहीत. म्हणजे अर्धी विद्या तुमच्या हाताशी आहेच.

उरलेली अर्धी म्हणजे मापं. ती शिकायला चला जिवतीला.

डोंगरावरची शाळा, पण भिंतींची

राजुरा-गडचांदूरकडून जिवतीला जाताना रस्ता डोंगर चढतो. याच डोंगररांगेत माणिकगडाचा जुना किल्ला आहे. त्याच्या दरवाजावर नाग कोरलेला आहे, म्हणून तो नाग राजांनी बांधला असं मानतात. पुढे तो गोंड राजांकडे आला. वर पठार, पलीकडे तेलंगणाची हद्द. मराठी, गोंडी, कोलामी, बंजारा, तेलुगू अशा कितीतरी भाषा इथल्या बाजारात एकाच वेळी ऐकू येतात. पठारावर कोलामांचे आणि गोंडांचे गुडे म्हणजे वस्त्या आहेत. कोलामांच्या वस्तीत मधोमध चावडी असते. गावाची बैठक तिथे, पाहुण्याचा मुक्कामही तिथे.

समजा, अशा एका गुड्यावरच्या घराचं मॉडेल करायचं आहे. राजवाडा नाही, किल्ला नाही, साधं घर. तुराट्या-पऱ्हाट्यांचा किंवा बांबूचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर कवेलू, पुढे सपरी. सोपं वाटतं ना? करून पाहा म्हणजे कळेल!

*पायरी पहिली : मोजा.* मोजपट्टी असली तर उत्तम. नसली तर एक दोरी घ्या आणि शाळेतल्या पट्टीने मोजून तिला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा. घराची लांबी, रुंदी, भिंतीची उंची, दाराची उंची आणि रुंदी, सपरीची खोली हे सगळं वहीत लिहा. सोबत घराचा वरून दिसेल तसा नकाशा काढा. चूल कुठे, रांजण कुठे, धान्याची कणगी कुठे, तेही दाखवा.

उंच वस्तूची उंची कशी मोजायची? तिच्या सावलीवरून! एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा. समजा तिची सावली ८० सेंटिमीटर पडली, आणि त्याच वेळी किल्ल्याच्या दरवाजाची सावली ६ मीटर ४० सेंटिमीटर पडली. तर ६४० भागिले ८०, म्हणजे दरवाजा ८ मीटर उंच. जमीन सपाट हवी आणि दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्यात. तटावर चढायचं नाही, दगड हलवायचे नाहीत, आणि एकट्याने तर जायचंच नाही.

*पायरी दुसरी : लहान करा.* समजा, घर ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद भरलं. आपण १ मीटरला ५ सेंटिमीटर धरू. म्हणजे पुठ्ठ्याचं घर ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद. भिंत २ मीटरची, म्हणून १० सेंटिमीटर. दार दीड मीटर उंच, म्हणून साडेसात सेंटिमीटर. वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर भिंती आखून कापा, चिकटवा, छप्पर मात्र सुटं ठेवा. ते उचललं की आतलं दिसायला हवं. का, ते पुढे येईल.

आता साडेआठ सेंटिमीटरचा एक पुठ्ठ्याचा माणूस कापा. खरा माणूस १ मीटर ७० सेंटिमीटरचा धरला आहे. त्याला घराच्या दारात उभा करा. काय झालं? डोकं चौकटीला आपटलं ना!

वाकून आत या

इथेच खेळ बनवणाऱ्याची परीक्षा असते. पुष्कळ खेळांत कॅमेरा नायकाच्या पाठीमागे थोड्या अंतरावर चालतो. नायक दारातून आत गेला की कॅमेऱ्यालाही आत यावं लागतं, नाहीतर तो भिंतीत अडकतो. म्हणून असल्या खेळांतली दारं आणि खोल्या खऱ्यापेक्षा मोठ्या करतात. पुढच्या वेळी नीट पाहा, खेळातल्या गरीब शेतकऱ्याच्या झोपडीचं दारसुद्धा कधी कधी शाळेच्या फाटकाएवढं असतं!

मग आपणही जिवतीच्या घराचं दार अडीच मीटरचं करायचं का? केलं तर सोय होईल. पण घर खोटं होईल. कारण ते दार उगाच ठेंगणं नाही. छप्पर खाली उतरलेलं असतं, म्हणून पावसाचा मारा मातीच्या भिंतीवर बसत नाही. छप्पर खाली, म्हणून सपरीत सावली. भिंत ठेंगणी, म्हणून दारही ठेंगणं. एक माप बदललं की मागोमाग सगळंच बदलतं, आणि शेवटी उरतो तो कवेलूंचा बंगला!

दुसरा उपाय आहे. दार तेवढंच ठेवा आणि नायकाला वाकायला लावा. आत शिरताना तो मान खाली घालेल. कॅमेरा बाहेर, वरच थांबेल. नायक आत गेला की छप्पर हळूच नाहीसं होईल आणि आतली चूल, रांजण, कणगी वरून दिसेल. सुटं छप्पर ठेवायला सांगितलं ते याचसाठी! हा उपाय करायला जास्त वेळ लागतो. पण खेळणाऱ्याला न सांगता कळतं की या घरात वाकून यायचं असतं. पाहा, इमारतीने तिसरं काम केलं.

कवेलूंचं गणित

पुठ्ठ्याचं घर जमलं की कॉम्प्युटर. 'ब्लेंडर' हे मॉडेल करायचं आणि 'गोडो' हे खेळ करायचं सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट मिळतात. एकदा उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही चालतात. जिवतीसारख्या ठिकाणी हे महत्त्वाचं!

सुरुवातीला रंग नाही, नक्षी नाही. नुसते करड्या रंगाचे ठोकळे मांडायचे. घराच्या जागी एक ठोकळा, चावडीच्या जागी एक, विहिरीच्या जागी एक. मग नायकाला त्यांच्यामधून पळवून पाहायचं. वाट सापडते का? चावडी दुरून दिसते का? गोठ्यामागे अडकायला होतं का? हे जमेपर्यंत एकही भिंत रंगवायची नाही. मोठमोठ्या कंपन्यांमध्येही हाच क्रम असतो.

मग येतात कवेलू. समजा, एका छपरावर दोन हजार कवेलू आहेत. कॉम्प्युटर प्रत्येक आकार छोट्या छोट्या त्रिकोणांतून उभा करतो. एका गोलसर कवेलूला शंभर त्रिकोण धरले तर एका छपराला झाले दोन लाख! गुड्यावर तीस घरं असली तर साठ लाख. बिचारा कॉम्प्युटर धापा टाकत बसेल. मग काय करतात? छपराची एक बाजू म्हणजे दोनच त्रिकोण, सपाट. त्यावर कवेलूंचा फोटो चिकटवायचा. खरे गोलसर कवेलू फक्त कडेच्या ओळीला, कारण आभाळाच्या पार्श्वभूमीवर डोळ्याला कडच दिसते. आणि घर दूर असलं तर तेही काढून टाकायचे. जवळ गेलं की परत आणायचे. जादूगाराची हातचलाखीच म्हणा ना!

फोटो काढताना भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहा. ढगाळ दिवस निवडा. उन्हातल्या फोटोत झाडाची सावली आली, तर खेळात रात्र झाली तरी ती सावली भिंतीवरून हलायची नाही!

आणखी एक युक्ती आहे. आख्खं गाव वेगवेगळं बांधायचं नाही. भिंतीचा एक तुकडा, दाराचा एक, कोपऱ्याचा एक, छपराचा एक असे दहा-बारा तुकडे करायचे आणि ते उलटसुलट जोडून सगळी घरं उभी करायची. तुमच्या आई-बाबांनी लहानपणी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळला असेल तर त्यांना विचारा. १९८९ सालच्या त्या खेळातला सगळा राजवाडा असाच होता. पडद्यावर आडवे दहा आणि उभे तीन चौकोन, आणि त्यांत फरशी, खांब, दार, सापळा हेच तुकडे पुन्हा पुन्हा मांडलेले. फक्त एक काळजी घ्या. खऱ्या गुड्यावर कुठलीही दोन घरं जुळी नसतात. एका घराच्या सपरीत सायकल, दुसऱ्याच्या दाराशी लाकडांचा भारा, तिसऱ्याच्या छपरावर भोपळ्याचा वेल, एवढं तरी वेगळं हवंच.

दोन वह्या ठेवा

आता पॅरिसची चक्कर. २०१४ साली 'असॅसिन्स क्रीड युनिटी' नावाचा खेळ आला. त्यात पॅरिसचं प्रसिद्ध नोत्र दाम चर्च आहे. कॅरोलिन मियूस या कलावंत बाईंनी एकट्या त्या एका इमारतीवर जवळजवळ दोन वर्षं काम केलं. खेळ घडतो फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, म्हणजे १७८९ च्या सुमारास. पण त्यातल्या चर्चवर उंच मनोरा आहे, तो मात्र पुढे १८५९ साली पुरा झालेल्या मनोऱ्यासारखा! क्रांतीच्या त्या वर्षांत जुना मनोरा उतरवला गेला होता. मग खेळात का ठेवला? कारण मनोऱ्याशिवाय लोकांना नोत्र दाम ओळखूच आलं नसतं. आणि चढायलाही मजा आली नसती.

१५ एप्रिल २०१९ ला खरं नोत्र दाम पेटलं. छप्पर जळालं, मनोरा कोसळला. तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता खेळातलं मॉडेल पाहून चर्च पुन्हा बांधतील. तसं झालं नाही. कामी आली ती खरी मापं. अँड्र्यू टॅलन नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी आगीच्या काही वर्षं आधी लेझर किरणांनी चर्चचा कोपरान् कोपरा मोजून ठेवला होता. ते २०१८ साली वारले, आग त्यांनी पाहिली नाही. पण त्यांची मापं राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये चर्चची दारं पुन्हा उघडली.

यातून आपण काय घ्यायचं? दोन वह्या ठेवायच्या! एक खेळाची वही. तिच्यात वाटेल ते करा. माणिकगडाला सात दरवाजे द्या, चावडीवर उडतं वाघरू बसवा, कोण अडवतंय? आणि दुसरी मापांची वही. तिच्यात खोटं एक बोटभरही लिहायचं नाही. खेळ जुना होतो, कॉम्प्युटर बदलतो. मापांची वही टिकते.

अर्धा दिवस मागून घ्या

आता सांगतो, मुक्काम जिवतीलाच का केला ते.

आपल्याकडे चांगले खेळ होत नाहीत असं नाही. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा खेळ जगभर गेला. धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट. त्यातले महाल, जाळ्या, गवाक्षं राजस्थानच्या किल्ल्यांवरून सुचलेली आहेत. सुंदरच आहेत ती. शिवाय इंटरनेटवर तयार मॉडेलं विकणारी दुकानं आहेत. तिथे युरोपातले जुने वाडे, जपानी देवळं, अमेरिकी रस्ते ढिगांनी मिळतात. पैसे मोजा आणि आपल्या खेळात ठेवा. आता त्याच दुकानांत कोलाम गुड्यावरचं घर शोधून पाहा. तुराटीचा कूड शोधा. सपरी शोधा. जो खेळ करणारा घाईत असतो, तो जे तयार मिळतं तेच मांडतो. मग जंगल आपलं आणि घर मात्र परक्याचं, असं होतं.

आणि इकडे खरी घरं बदलत आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला सरकारने 'पीएम जनमन' योजना सुरू केली. महाराष्ट्रात कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड या जमातींना तिच्यातून पक्की घरं द्यायची आहेत. इतरांसाठीही घरकुलाच्या योजना आहेतच. हे व्हायलाच हवं. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली भांडी मांडत रात्र काढणं काय असतं, ते ज्याने काढली त्यालाच माहीत. 'जुनं घर किती छान दिसतं, तसंच ठेवा', असं सिमेंटच्या घरात बसून म्हणणं बरं नाही. आजीला कोरड्या घरात सुखाने झोप लागू दे.

पण पक्कं घर बांधताना पुष्कळदा जुनं पाडावं लागतं. एकदा पाडलं की कूड चुलीत जातो, माती मातीत जाते, आणि दार किती उंच होतं ते सांगायला कुणी उरत नाही. किल्ल्याचे दगड तरी शंभर वर्षं पडून राहतात. कुडाचं घर दोन पावसाळ्यांत नाहीसं होतं.

म्हणून तुमच्या घरी, शेजारी, मामाच्या गावी जुनं घर पाडायचं ठरलं, तर मोठ्या माणसांकडून फक्त अर्धा दिवस मागून घ्या. दोरी न्या, वही न्या. मोजा, नकाशा काढा, फोटो असतील तर काढा. आजीला विचारा, या कोपऱ्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात? हे छिद्र कशासाठी? चूल इकडेच का? तिने सांगितलेले शब्द तिच्या बोलीतच लिहा. मग खुशाल घर पाडू दे. तुमच्या वहीत ते उभंच राहील. आणि उद्या तुम्ही किंवा आणखी कुणी खेळ करायला बसलं, तर त्यात वाकून शिरायचं एक दार असेल.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. देवाची जागा, गडचिरोलीकडचं गोटूल, पूर्वजांच्या आठवणीचे दगड अशा ठिकाणी आधी गावातल्या मोठ्यांना विचारायचं. 'नको' म्हणाले तर वही मिटायची. प्रत्येक जागा खेळात यायलाच हवी असं नाही. आणि जिथे लोक हात जोडतात तिथे राक्षस उभा करून गोळ्या झाडायच्या नाहीत. तुमच्या देवघरात कुणी तसं केलेलं तुम्हाला चालेल का?

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूल खेळ 'खेळतं' तेव्हा आपण घड्याळाकडे बोट दाखवतो, ते बरोबरच आहे. पण मूल खेळ 'करू' लागलं तर त्यात गुणोत्तर येतं, भूमिती येते, चित्रकला येते, आणि आजीशी गप्पाही येतात. त्याला महागडा कॉम्प्युटर लागतोच असं नाही. पहिले दोन महिने पुठ्ठा, दोरी आणि आलेखवही पुरते. कापायचं काम धारदार पात्याने करायची वेळ आली तर मात्र शेजारी बसा. आणि इंटरनेटवरून कुणाचं मॉडेल घेतलं, तर ते कुणाचं आहे आणि वापरायची परवानगी आहे का, हे पाहायची सवय आतापासून लावा.

या आठवड्याचा उद्योग

१) तुम्ही राहता त्या घराचं दार मोजा. उंची, रुंदी, उंबरठा. शाळेच्या वर्गाचं दारही मोजा. कोणतं किती मोठं?

२) १ मीटरला ५ सेंटिमीटर या मापाने तुमच्या घराची एक भिंत पुठ्ठ्यावर कापा. दारात साडेआठ सेंटिमीटरचा माणूस उभा करा. डोकं आपटतं का?

३) तुमचं गाव ही लेव्हल आहे असं समजा. नायक बस थांब्यावर उतरला आहे. कुणालाही न विचारता तो तुमच्या घरापर्यंत कसा पोचेल? वाटेत त्याला कोणत्या तीन खुणा दिसतील? नकाशा काढा.

४) घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला विचारा, 'तुमचं लहानपणीचं घर कसं होतं?' ते सांगतील तसं काढत जा. आणि मग त्यांनाच दाखवा. 'असं नव्हतं रे, दार इकडे होतं!' असं ते म्हणाले, की समजा तुमचं काम सुरू झालं.

मग? दोरीला गाठी मारायला घेताय ना?